विलायती कागदाची पारख

मोडी पत्र हातीं आलें म्हणजे आपण प्रथम मायना पाहतों, मग अक्षराचें वळण, मग शिक्का व मोर्तब, आणि शेवटीं मिति व शक यांचा मेळ घालून पाहतों. इतकें जुळलें कीं पत्र अस्सल ठरतें. न जुळलें कीं नक्कल किंवा बनावट ठरतें. ज्या तावावर हें सारें लिहिलेलें असतें त्याची साक्ष मात्र आपण सहसा घेत नाहीं. छापील साधनग्रंथांत पत्राचा मजकूर काना-मात्रेसह उतरलेला असतो, पण मूळ कागद देशी कीं विलायती, पातळ कीं जाड, त्यांत जलमुद्रा आहे कीं नाहीं, याविषयीं बहुधा एक अक्षर नसतें. त्यामुळें ज्याला मूळ पत्र पाहावयास मिळत नाहीं त्याच्या हातून एक उत्तम साक्षीदार कायमचा निसटतो.

प्रस्तुत लेखांत समुद्रापलीकडच्या कारखान्यांतून आलेल्या कागदाविषयीं कांहीं गोष्टी एकत्र केल्या आहेत. त्यांचा उपयोग दोन ठिकाणीं व्हावा: जुनें हस्तलिखित विकत घेतांना, आणि घेतलेलें हस्तलिखित जगविण्याकरितां नवा कागद बाहेरून मागवितांना. दोन्ही ठिकाणीं अडचण एकाच जातीची आहे. माल करणारा हजारों कोस दूर, त्याचा कारखाना आपण पाहिलेला नाहीं, आणि तो सांगतो त्यांतलें खरें किती हें मालावरूनच ताडावयाचें.

तुलनेकरितां आधीं आपला देशी कागद डोळ्यांपुढें असावा. जुन्नर, दौलताबादेजवळचें कागजीपुरा आणि पुण्याचा कागदीपुरा हीं आपल्याकडील कागद करण्याचीं प्रसिद्ध ठिकाणें. गुजराथेंतून अहमदाबादी कागदही येत असे. जुने दोर, गोणपाट, सणाच्या चिंध्या कुटून त्यांचा लगदा करीत, तो हौदांत कालवून गवताच्या काड्यांच्या जाळीवर ताव उचलीत, भिंतीवर चिकटवून वाळवीत, मग खळ देऊन दगडानें घोटून गुळगुळीत करीत. असा ताव उजेडासमोर धरला कीं काड्यांच्या बारीक रेषा दिसतात; त्या किंचित् वांकड्या व कमीअधिक अंतरावर असतात, आणि काड्या बांधणाऱ्या केसांच्या आडव्या खुणा अस्पष्ट दिसतात. जलमुद्रा मुळींच नसते. खळ दिलेल्या घोटीव पृष्ठावर बोरू सरळ धांवतो आणि काजळाची शाई वर राहते. ती शतकांनंतरही काळीभोर दिसते, यांत शाईइतकेंच श्रेय कागदाचें आहे. खळ ही कसरीचें भक्ष्य, हा या कागदाचा मोठा दोष. तो लपविण्याचें कारण नाहीं.

युरोपांतील कागदाची जाळी तारांची. एकमेकींस लागून बसविलेल्या बारीक तारा, आणि त्यांना सुमारें एकेक इंचावर छेदणाऱ्या जाड रेषा, अशी तिची ठेवण. त्या जाळीवर तारेचीच आकृति शिवलेली असे. तितक्या जागीं लगदा पातळ बसे, आणि वाळलेल्या तावांत ती आकृति उजेडासमोर पाणी लागल्यासारखी दिसे. हीच जलमुद्रा. कागदाला खळीऐवजीं जनावरांच्या कातड्यांचे तुकडे उकळून काढलेल्या सरसाचें पाणी देत, कारण तिकडचें लेखन पिसाच्या टोंकदार लेखणीनें चाले आणि ती खळीच्या पृष्ठांत रुतते. म्हणजे तो कागद दुसऱ्या लेखणीसाठीं व दुसऱ्या शाईसाठीं केलेला होता. तुर्कस्थान व इराण येथील लेखकांना हें कळलें होतें. ते युरोपांतून कागद घेत, आणि त्यावर स्वतःची खळ चढवून पुनः घोटून मग त्यावर लिहीत. आलेला माल जसाच्या तसा न स्वीकारतां आपल्या कामाजोगा करून घेण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

या परक्या कागदाविषयींची शंका केवळ गुणाची नव्हती. उत्तर आफ्रिकेंत तिलिमसान येथील इब्न मर्झूक या धर्मशास्त्र्यापुढें इ. स. १४०९ मध्यें असा प्रश्न आला कीं ख्रिस्ती लोकांनीं केलेल्या, क्वचित् क्रूसाची जलमुद्रा असलेल्या कागदावर मुसलमानानें लिहावें काय? त्यानें मुभा दिली. त्या प्रांतीं दुसरा कागद मिळेनासा झाला होता, हें कारण त्या निर्णयामागें उघड दिसतें. पुढें व्हेनिसच्या कारखानदारांनीं गिऱ्हाइकाचें मन ओळखून तीन चंद्रकोरींची जलमुद्रा काढली आणि तुर्की बाजार काबीज केला. त्या चंद्रकोरींचा इतका बोलबाला झाला कीं दुसऱ्या कारखान्यांनींही त्या उचलल्या. म्हणून तीन चंद्रकोरी दिसल्या कीं कागद व्हेनिसचाच, असें म्हणतां येत नाहीं.

आपल्या किनाऱ्यास हा कागद फिरंग्यांबरोबर आला. पोर्तुगालांत खपणारा पुष्कळसा कागद इटलींतील जिनोवा प्रांतांत होत असे, आणि एकाखालीं एक तीन वर्तुळें व त्यांवर क्रूस किंवा मुकुट ही त्याची ओळखीची खूण. वलंदेज कागदावर कुंपणांत बसलेली स्त्री, सिंह व ‘प्रो पात्रिआ’ हीं अक्षरें आढळतात. इंग्रजी कागदावर ब्रिटानियाची बसलेली मूर्ति, मुकुट, शिंग, राजाच्या नांवाचीं आद्याक्षरें असे प्रकार आहेत. विदूषकाच्या टोपीची एक जुनी जलमुद्रा होती, तिचें नांव मापाला चिकटून राहिलें; आपल्या शाळांतून मुलें ‘फुलस्केप’ म्हणून जो कागद मागत आलीं त्याच्या नांवांत ती टोपी आहे.

आतां खरेदीचा व्यवहार पाहूं. जुन्या इंग्रजी गिरणींतून थेट घेतलेलें रीम म्हणजे वीस दस्ते, आणि दस्ता चोवीस तावांचा, म्हणजे हिशेबानें ४८० ताव. पण गिरणीच्या रिमांत प्रत्यक्षांत ४७२ असत. मधले अठरा दस्ते चांगले, प्रत्येकीं चोवीस. वरचा व खालचा असे दोन दस्ते वीस वीस तावांचे आणि फाटक्या, सुरकुतलेल्या, डागी तावांचे. बांधतांना दोरी या बाहेरच्या दस्त्यांना काचे, आंतला माल सुरक्षित राही. यांत लबाडी नव्हती, हा त्या धंद्याचा जाहीर रिवाज होता. पण तो ठाऊक नसलेल्या परदेशी गिऱ्हाइकाला आठ ताव कमी आणि चाळीस ताव खराब मिळत. छापखानेवाले ५१६ तावांचें ‘पुरें’ रीम मागत, तें याच अनुभवानें. अल्पदोषी ताव निवडून त्यांचीं वेगळीं रिमें बांधीत आणि वेष्टनावर दोन फुल्या मारीत. त्यांचा भाव कमी. वेष्टन बदललें कीं त्या फुल्याही जात, आणि मग हा माल कोणत्या प्रतीचा हें तावाला तावानेंच सांगावें लागे.

म्हणून दूरच्या गिऱ्हाइकाला जलमुद्रेचाच आधार. वेष्टन बदलतां येतें, तावाच्या पोटांतलें नांव काढतां येत नाहीं. केंट परगण्यांत मेडस्टनजवळच्या टर्की मिलमधील जेम्स व्हॉटमन पितापुत्रांनीं अठराव्या शतकांत जो लौकिक मिळविला त्यामुळें ‘जे. व्हॉटमन’ हीं अक्षरें म्हणजे हमी मानली जाऊं लागली. परिणाम काय झाला? युरोपखंडांतील कांहीं कारखान्यांनीं तींच अक्षरें आपल्या जाळीवर शिवलीं. खुद्द इंग्लंडांतही धाकट्या व्हॉटमननें १७९४ सालीं धंदा विकल्यावर तें नांव टर्की मिलचे हॉलिंगवर्थ बंधू आणि पूर्वीं व्हॉटमनच्याच हाताखालीं तयार झालेले विल्यम बॉल्स्टन अशा दोघांकडे चाललें. तेव्हां एकोणिसाव्या शतकांतील तावांत व्हॉटमनचें नांव दिसलें तरी त्यानें त्या तावाला हात लावला असें समजूं नये. खरें नांव व चोरलेलें नांव ओळखण्याची कसोटी तावाच्या अंगांत असते: रेषांचें अंतर, अक्षरांची ठेवण, आणि हात फिरविला असतां लागणारा सरसाचा खणखणीतपणा. हौदावर दोन जाळ्या आळीपाळीनें वापरीत, म्हणून एकाच गठडींत एका मुद्रेच्या दोन जुळ्या आकृति सांपडतात. त्या सारख्या दिसतात, पण तंतोतंत एक नसतात. हा भेद ठाऊक नसला तर अस्सल जोडीपैकीं एकीस बनावट म्हणण्याचा प्रसंग येतो.

संशोधकाच्या दृष्टीनें सर्वांत मोलाची गोष्ट इ. स. १७९४ मध्यें, म्हणजे शके १७१६ च्या सुमारास, झाली. इंग्लंडांत १७१२ पासून १८६१ पर्यंत कागदावर जकात होती. माल परदेशीं गेला तर ती परत मिळे. १७९४ च्या कायद्यानें या परताव्याला अट घातली कीं तावांत १७९४ किंवा पुढील सालाचा आंकडा जलमुद्रेंत असावा. परदेशीं खपणारा माल करणाऱ्यानें अर्थातच साल घालावयास सुरुवात केली. १८११ मध्यें ही अट गेली, पण साल घालण्याची संवय कित्येक गिरण्यांत पुढें राहिली. सवाई माधवरावाच्या अखेरीपासून दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीपर्यंतचा काळ नेमका यांत येतो, आणि पुण्यास १७८६ पासून इंग्रजांचा वकील असल्यानें हा कागद आपल्या दफ्तरांत शिरण्याचा मार्गही मोकळा होता.

याचा न्याय असा. पत्राची मिति शके १७१२ ची आणि तावांतील साल १८०१ असेल, तर तें पत्र त्या मितीस लिहिलेलें नाहीं. तें नक्कल असेल, नव्यानें करून दिलेला लेख असेल किंवा बनावट असेल, मूळ नव्हे. परंतु याच्या उलट बाजूनें अनुमान काढतां येत नाहीं. तावांत १७९४ हा आंकडा आहे म्हणून पत्र १७९५ चें, असें म्हणणारा फसतो. कायद्याचे शब्द ‘१७९४ किंवा पुढील’ असे असल्यामुळें कांहीं गिरण्यांनीं पुढें कित्येक वर्षें तोच आंकडा जाळीवर राहूं दिला. शिवाय ताव जहाजानें येण्यास, विकला जाण्यास आणि कारकुनाच्या कपाटांत पडून राहण्यास लागणारा काळ आहेच. जलमुद्रा ‘याच्या आधीं नव्हे’ इतकेंच सांगते. नैयायिक ज्याला व्याप्ति म्हणतात ती येथें एकाच दिशेनें लागते.

दुसरी खूण जाळीच्या जातीची. कापडासारखी विणलेली तारेची जाळी वापरल्यानें रेषाच न दिसणारा कागद व्हॉटमननें काढला. बास्कर्व्हिल या मुद्रकानें १७५७ सालीं छापलेल्या व्हर्जिलच्या काव्यांत तो प्रथम दिसतो, आणि त्याचा सर्वत्र प्रसार अठराव्या शतकाच्या शेवटीं झाला. तेव्हां नानासाहेब पेशव्याच्या आरंभीच्या काळाची मिति आणि रेषाहीन विलायती ताव यांचा संयोग संभवत नाहीं. येथें एक सावधगिरी हवी. नेपाळी कागद कापडाच्या साच्यावर करीत, त्यामुळें त्यांतही रेषा नसतात. तो लोकरीसारखा मऊ व लांब तंतूंचा असतो, इतकें ध्यानांत ठेवलें म्हणजे घोटाळा होत नाहीं.

या गोष्टी नुसत्या कुतूहलाच्या नव्हेत. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले तेव्हां सनद खरी कीं खोटी यावर घराण्याच्या पिढ्यांचें अन्न अवलंबून होतें. त्या काळीं पुढें आलेले कागद आज बाजारांत येतात, आणि त्यांतला एकेक कोणी संस्था आपल्या तुटपुंज्या निधींतून विकत घेते. विकणाऱ्यास आधीं ताव उजेडासमोर धरूं द्यावयास सांगावें. जो काचेंत मढविलेलें पत्र उघडून दाखवीत नाहीं त्याच्याशीं भावाची गोष्टही काढूं नये.

आतां गुणाकडे वळूं. एकोणिसाव्या शतकांत विलायती कागद देशी कागदाहून श्रेष्ठ मानला गेला तो मुख्यत्वें पांढरेपणामुळें. हा पांढरेपणा कोठून आला तें पाहिलें पाहिजे. बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १७८५ मध्यें क्लोरीन वायूनें कापड निववून दाखविलें, आणि पुढल्या दहा-पंधरा वर्षांत ती युक्ति चिंध्यांना लागू झाली. पूर्वीं उत्तम कागदाला उत्तम पांढऱ्या चिंध्याच लागत. आतां मळकट, रंगीत चिंधीही शुभ्र होऊं लागली. क्लोरीन नीट धुवून न काढल्यास तंतु आंतून कुजतात. १८०३ मध्यें फ्रॉगमोर येथें यंत्रानें कागद निघूं लागला. इलिग या जर्मनानें १८०७ मध्यें राळ व तुरटी यांची खळ प्रसिद्ध केली, ती यंत्राच्या सोयीची होती. पण तुरटीनें कागदांत आम्ल राहतें. शिवाय वजन व गुळगुळीतपणा वाढविण्यास पांढरी माती व जिप्सम घालूं लागले. जॉन मरे यानें १८२३-२४ मध्येंच याविरुद्ध लेखणी उचलली. ऑक्सफर्ड येथें १८१६ सालीं छापलेली, कधीं न वापरलेली बायबलाची प्रत त्याच्याजवळ होती. तिचा अक्षरशः भुगा होत होता, आणि तिच्या कागदांत त्याला आम्लाचा पुरावा मिळाला. केलर यानें १८४४ च्या सुमारास लांकूड दळून लगदा करण्याची रीत काढल्यावर तर स्वस्त कागदाला सीमा राहिली नाहीं. १८२५ च्या पुढें यंत्राच्या कागदावरही रुळानें जलमुद्रा उठूं लागली, म्हणून जलमुद्रा आहे एवढ्यावरून ताव हातचा मानण्याची सोयही गेली.

अशा मालापुढें जुन्नरचा पिंवळट, जाडसर कागद हरला. बंगाल्यांत श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनीं १८२० मध्यें वाफेचें यंत्र आणून कागद काढला, व त्यांत कसरीचा बंदोबस्त करण्याचा प्रयत्न केला; देशी दोषावर देशांतच उपाय शोधण्याचा तो स्तुत्य यत्न होता. पुढें सर चार्ल्स वुड हे भारतमंत्री असतां (१८५९-१८६६) सरकारी कचेऱ्यांनीं विलायतेंत झालेला कागदच घ्यावा असा हुकूम सुटला. म्हणजे सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकानें गुणाची परीक्षाच बंद केली. त्या काळचीं खेड्यांचीं दफ्तरें उघडून पाहावीं: अठराव्या शतकांतील जुन्नरी बंद उलगडतांना कापडासारखा वळतो, आणि शंभर वर्षांनीं धाकटा असलेला विलायती ताव घडीवर तुटून त्याचे चार तुकडे हातीं येतात. पांढरेपणा ही कागदाची पारख नव्हे, हें कळावयास आपल्याला तीन पिढ्या लागल्या. न्यायाच्या दृष्टीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं अठराव्या शतकांतील सरसाचा विलायती कागद आमच्या कोणत्याही कागदाच्या तोडीचा आहे. दोष देशाचा नव्हता, रीतीचा होता. गोव्याच्या पोर्तुगीज दफ्तरांत कागद उत्तम असूनही ओळींच्या जागीं भोंकें पडलेलीं दिसतात, तो हिराकस व मायफळ यांच्या शाईचा प्रताप.

ही सर्व चर्चा जुन्या कागदाची झाली. पण संग्राहकाला आजही परदेशी कागद घ्यावा लागतो. जीर्ण पत्रांना पाठ देण्यास जपानी तंतुकागदासारखें दुसरें साधन नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास सेल्युलोज ॲसिटेटच्या पापुद्र्यांत पत्रें बंद करण्याची लाट आली होती. ती पुढें ओसरली, आणि तीं पत्रें सोडविणें हाच एक उद्योग होऊन बसला. जपानी कागद मात्र पाण्यानें सुटतो. तो कोझो नांवाच्या तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून करतात. त्याचा तंतु सुमारें दहा मिलिमीटर लांब, म्हणजे लांकडाच्या तंतूच्या कितीतरी पट. मिनो प्रांताच्या होन-मिनोशीसह तीन हातकागदांच्या कलेला २०१४ मध्यें युनेस्कोच्या यादींत स्थान मिळालें, तेव्हांपासून या नांवांचा भाव वाढला आहे, आणि नांव वाढलें कीं काय होतें तें व्हॉटमनच्या प्रकरणांत आपण पाहिलेंच. ‘तांदळाचा कागद’ म्हणून जो विकतात त्यांत तांदूळ नसतो. ज्या व्यापाऱ्याच्या पत्रकांत हा शब्द असेल त्याला मालाची माहिती नाहीं असें समजावें.

कारखान्यास थेट लिहितांना भाव विचारण्याआधीं पांच गोष्टी विचाराव्या: तंतु शंभर टक्के कोझो आहे कीं लांकडाचा लगदा मिसळला आहे, कोझो जपानी कीं थायलंडचा, कारण थाई सालींत तेलकट द्रव्य अधिक असून ती कडक रीतीनें शिजवावी लागते, साल राखेच्या किंवा सोड्याच्या सौम्य पाण्यांत शिजविली कीं दाहक सोड्यांत, क्लोरीननें निवविला आहे काय, आणि चौरस मीटरास वजन किती ग्राम. चांगला कारखानदार याचीं उत्तरें सरळ देतो. तरीही ताव हातीं आल्यावर आपण पाहावें. पाण्याची रेघ ओढून ताव हळूच ओढला असतां कडेला लांब केसाळ तंतु सुटले पाहिजेत. तुकडा आंखूड व स्वच्छ तुटला तर लगद्याची भेसळ आहे. फ्लोरोग्लुसिनॉलच्या आम्लयुक्त द्रावाचा थेंब लांकडाच्या दळलेल्या लगद्यावर तांबडा होतो. आयोडिनचा थेंब निळा झाला तर खळ आहे. या परीक्षा नव्या कागदाच्या कपट्यावर कराव्या, मूळ पत्राच्या जवळपासही ती बाटली नेऊं नये.

नमुन्याचा ताव आला म्हणजे त्यावर कारखान्याचें नांव, तारीख व वजन शिसपेन्सिलीनें लिहून तो दफ्तरीं ठेवावा. पुढें गठडी आल्यावर तिच्या मधल्या दस्त्यांतला ताव काढून त्याच्याशीं ताडून पाहावा, वरचा नव्हे.